इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स

बिनतारी संदेशवहन आणि पुढे इलेक्ट्रॉनिकी या क्षेत्रांतील अभियंत्यांची व्यावसायिक संस्था. तिची स्थापना १३ मे १९१२ रोजी न्यूयॉर्क येथे झाली. १ जानेवारी १९६३ पासून ती अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या जुन्या संस्थेशी एकरूप होऊन आजची आयट्रिपलई (IEEE, इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स) ही संस्था अस्तित्वात आली.

संस्थेचा उगम नेमका कधीचा मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. आयट्रिपलई आपले वय १८८४ पासून मोजते. नॅथॅनिएल कीथ यांच्या पुढाकाराने विद्युत् अभियंत्यांची वर उल्लेखिलेली जुनी संस्था त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली तांत्रिक सभा ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फिया येथे भरली. आयट्रिपलईने १९८४ मध्ये साजरी केलेली शताब्दी आणि ऑक्टोबरच्या आरंभी पाळला जाणारा तिचा वार्षिक दिन हे दोन्ही याच गणनेनुसार येतात. ही गणना तार, दूरध्वनी व वीजनिर्मिती या परंपरेला लागू पडते. इलेक्ट्रॉनिकीची शाखा मात्र वेगळ्या खोडातून फुटली. जॉन स्टोन स्टोन यांनी १९०७ मध्ये बॉस्टन येथे सोसायटी ऑफ वायरलेस टेलिग्राफ इंजिनिअर्स स्थापन केली. रॉबर्ट मॅरियट यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये उभी राहिलेली वायरलेस इन्स्टिट्यूट साधारणपणे १९०९ ची मानली जाते. मात्र मॅरियट यांचे पहिले परिपत्रक त्याआधीच निघाले होते, म्हणून १९०८ हे वर्षही सुचवले जाते. बिनतारी कंपन्यांची स्थलांतरे व त्यांची आर्थिक ओढाताण यांमुळे १९११ च्या सुमारास दोन्ही संस्थांची सभासदसंख्या रोडावली आणि मॅरियट, ॲल्फ्रेड गोल्डस्मिथ व जॉन होगन यांनी त्या एकत्र आणल्या. आरंभी सभासद पन्नाशीच्या आतच होते. पहिले अध्यक्ष मॅरियट झाले. संस्थेच्या नावात ‘अमेरिकन’ हा शब्द घेतला नाही, कारण सभासदत्व कोणत्याही देशापुरते राखायचे नव्हते. १९०७ किंवा १८८४ पेक्षा १९१२ हेच वर्ष इलेक्ट्रॉनिकीच्या दृष्टीने ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक दिसते. संस्थेच्या ‘प्रोसिडिंग्ज’ या नियतकालिकाचा पहिला खंड १९१३ चा असून विलीनीकरणानंतरही खंडांची क्रमवारी मोडली गेली नाही, त्यामुळे त्याचा शंभरावा खंड २०१२ मध्ये निघाला.

संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम या नियतकालिकाचेच म्हणावे लागेल. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन करणाऱ्या गोल्डस्मिथ यांनी सुमारे चार दशके त्याचे संपादन केले. त्रैमासिक म्हणून सुरू झालेले हे प्रकाशन १९२७ पासून मासिक झाले. संज्ञा व चिन्हे यांच्या प्रमाणीकरणासाठी नेमलेल्या समितीचा प्राथमिक अहवाल १९१३ मध्येच प्रसिद्ध झाला. संस्थेच्या सभांमध्ये शोधनिबंधाला प्रात्यक्षिकाची जोड असे, याचे ठळक उदाहरण एडविन आर्मस्ट्राँग यांचे आहे. वारंवारता विरूपणावरील (एफएम प्रक्षेपणाच्या पद्धतीवरील) आपला निबंध त्यांनी नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे वाचला तेव्हा यॉन्कर्समधील एका हौशी केंद्रावरून अडीच मीटर तरंगलांबीवर केलेले प्रक्षेपण श्रोत्यांना ऐकवण्यात आले. पेल्यात पाणी ओतल्याचा व कागद चुरगाळल्याचा आवाज खरखरीशिवाय स्वच्छ ऐकू आला. हा निबंध मे १९३६ च्या अंकात छापला गेला. क्लॉड शॅनन यांचा गोंगाटाच्या उपस्थितीतील संदेशवहनावरील निबंधही १९४९ मध्ये येथेच प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर रडार, दूरचित्रवाणी, संगणक व ट्रान्झिस्टर यांमुळे विषय इतके फाकले, की सगळ्यांना एका सभेत सामावून घेणे अवघड झाले. १९४८ पासून संस्थेने विषयवार व्यावसायिक गट काढले आणि आयट्रिपलईमधील आजच्या अनेक स्वायत्त सोसायट्या या गटांतूनच आल्या आहेत. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेची सभासदसंख्या वीज अभियंत्यांच्या जुन्या संस्थेपेक्षा वाढली. दोन्हींचे अभ्यासविषय व विद्यार्थी सभासद एकमेकांत मिसळत होते, त्यामुळे विलीनीकरणाला दोन्हीकडच्या सभासदांनी मोठ्या बहुमताने कौल दिला. १९६२ हे सुवर्णमहोत्सवी वर्ष संस्थेचे स्वतंत्र अस्तित्वाचे शेवटचे वर्ष ठरले. नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष अर्न्स्ट वेबर हे होते. तिच्या बोधचिन्हात अक्षरे नाहीत. पतंगाच्या आकाराच्या चौकटीत एक उभा सरळ बाण व त्याला वेढणारा वर्तुळाकार बाण असून त्यांतून विद्युत् प्रवाह व चुंबकीय क्षेत्र यांचा उजव्या हाताचा नियम (अंगठा प्रवाहाच्या दिशेने धरल्यास वळलेली बोटे क्षेत्राची दिशा दाखवतात) सुचवला आहे.

भारतात या क्षेत्रातील अभियंत्यांची स्वतंत्र संस्था १९५३ मध्ये दूरसंचार अभियंत्यांची म्हणून स्थापन झाली. इलेक्ट्रॉनिकीचा नावात समावेश नंतर झाला. आयट्रिपलईच्या ऐतिहासिक टप्प्यांच्या यादीत जगदीशचंद्र बोस यांच्या कोलकात्यातील सूक्ष्मतरंगांवरील प्रयोगांना २०१२ मध्ये स्थान मिळाले. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण या यादीत २०२० मध्ये समाविष्ट झाली.