मुलाच्या प्रगतीच्या नोंदी शाळेकडे कशा मागायच्या? अर्ज, कागदपत्रे आणि पुढची पायरी

प्रगतिपुस्तक हातात आलं की आपण आधी श्रेणी बघतो. ब-1 म्हणजे 71 ते 80 टक्के, ठीक आहे, सही करून परत. पण मूल नेमकं कुठे अडतंय हे श्रेणी सांगत नाही. ते कळतं वर्णनात्मक नोंदीतून (शिक्षकांनी शब्दांत लिहिलेला शेरा) आणि आकारिक मूल्यमापनातून, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, चाचणी यांच्या मूल्यमापनातून. पहिली-दुसरीत तर 100 पैकी 70 गुण आकारिकचेच असतात. म्हणून अर्जात ‘प्रगतीची माहिती मिळावी’ असं मोघम लिहू नका. कोणत्या विषयाच्या, कोणत्या सत्राच्या आकारिक नोंदी पाहायच्या आहेत ते लिहा. (‘अभ्यासात सुधारणा आवश्यक’ हीच ओळ सगळ्या विषयांपुढे असेल, तर विचारायलाच हवं.)

हे मागणं म्हणजे शिक्षकांवर अविश्वास नव्हे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 24 नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्यच आहे. कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे.

आधी वर्गशिक्षकांना भेटा; बरीच कामं तिथेच होतात. नाही झालं तर मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि माहीत असल्यास जनरल रजिस्टर क्रमांक (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला क्रमांक) त्यात असू द्या. सोबत स्वतःच्या ओळखपत्राची आणि आधीच्या प्रगतिपुस्तकाची प्रत जोडा. आई-वडिलांऐवजी दुसरं कुणी सांभाळ करत असेल तर पालकत्वाचा कागद, आणि मुलाच्या ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याचीही प्रत लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर पुढे कुणीच दाद देत नाही.

उत्तर आलं नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून 3 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. व्यवहारात गावाकडे हा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जातो. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचाही रस्ता आहे: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र पुरावा जोडावा लागतो.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी निकालाची वाट पाहत बसू नये. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर या वर्गांत वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास निकालानंतर 2 महिन्यांत फेरपरीक्षेची संधी मिळते, पण त्यातही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. या मुलांसाठी अर्ज पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक हाती आल्याच्या आठवड्यातच द्या.