रिव्हॉल्व्हर घेताना फिनिशिंग बघताय की फिटिंग?

काउंटरवर दोन रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवा, एक आरशासारखं पॉलिश केलेलं गडद निळं आणि दुसरं साधं मॅट स्टेनलेस. हात आपोआप निळ्याकडे जातो. आणि हातात घेतलं की माणूस म्हणतो, "क्वालिटी बघ काय आहे!" पण त्याने बघितलेलं असतं फक्त फिनिशिंग. क्वालिटी म्हणजे खरं तर फिटिंग, म्हणजे आतले पार्ट एकमेकांशी किती नीट जुळवलेत ते, आणि ते लांबून दिसतच नाही.

फिनिशिंग म्हणजे वरचं काम. ब्लूइंग, म्हणजे ते निळं फिनिश, हा रंग नसतो, पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तो चमकतो त्याच्या खालच्या पॉलिशमुळे. पॉलिशला माणसाचे तास लागतात म्हणून किंमत चढते, त्यात फसवणूक काही नाही. स्टेनलेसला गंज कमी लागतो (लागतच नाही असं नाही हां). स्मिथ अँड वेसन कंपनीने १९६५ मध्ये मॉडेल ६० रिव्हॉल्व्हर स्टेनलेसमध्ये काढलं तेव्हा त्याचं आकर्षण हेच होतं, घामाने अंगावरचं हत्यार खराब होतं त्यावर उपाय. पण एकच मॉडेल ब्लूड आणि स्टेनलेस अशा दोन किमतींना मिळत असेल तर वरचे पैसे धातूचे आणि दिसण्याचे, आतली यंत्रणा बहुतेक वेळा तीच.

गोंधळ व्हायला कारणही आहे म्हणा. कोल्ट कंपनीचं पायथन रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये आलं, त्याचं निळं फिनिश गाजलं आणि आतलं काम पण कारागीर हाताने बसवायचे, त्यामुळे चकाकी असली की आतूनही चांगलंच असणार हे डोक्यात पक्कं बसलं. तिथे दोन्ही होतं, सगळीकडे असतंच असं नाही.

आता फिटिंग कसं बघायचं. आधी दुकानदाराला विचारा, सिलेंडर (गोळ्या भरायचा फिरणारा भाग) उघडा, सगळे चेंबर (त्यातली गोळी बसायची भोकं) रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा आणि मग नळी कुणाकडेही न रोखता पुढचं करा. सिंगल ॲक्शन (घोडा आधी हाताने मागे ओढायचा, मग चाप दाबायचा) चालत असेल तर एक बोट सिलेंडरला अगदी हलकं टेकवून घोडा, म्हणजे चाप दाबल्यावर पुढे आपटणारा मागचा भाग, हळूहळू मागे ओढा. घोडा मागे अडकायच्या आत, किंवा अगदी त्याच क्षणी, खालचा खटका सिलेंडरच्या खाचेत टक् करून बसायला हवा. घोडा अडकला पण सिलेंडर बोटाने अजून थोडा फिरवल्यावर मग टक् झालं, तर टायमिंग, म्हणजे चेंबर नळीसमोर वेळेवर येणं, मागे आहे. प्रत्येक चेंबरला हे करायचं, पाच बरोबर आणि सहावा ढिला असंही निघतं. चेंबर नळीसमोर सरळ आला नाही तर गोळी शिरताना शिसं खरवडलं जातं आणि बाजूने उडतं. जुन्या तुकड्यात, म्हणजे वापरलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये, एखादा चेंबर जरा मागे असेल तर दुरुस्त होतो, नवीन मात्र मी घेणार नाही.

मग सिलेंडर बंद असताना पुढे-मागे हलवून बघा. हाताला सहज जाणवेल इतका खेळ असेल तर नको. नळी आणि सिलेंडरमधली फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असावी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर प्रिंटचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, एक पट्टी गेली तर ठीक, तीन एकत्र आरामात गेल्या तर फट जास्त आहे. फट फार कमी असणंही वाईटच, काजळी साचली आणि धातू तापला की सिलेंडर अडकायला लागतो.

बाजूला फिरणारा थोडासा खेळ मात्र वेगळी गोष्ट आहे, त्याला बघून घाबरू नका. बऱ्याच डिझाइनमध्ये तो ठेवलेलाच असतो, गोळी जाताना चेंबर स्वतःच नळीशी जुळतो. जुन्या कोल्टमध्ये चाप दाबलेला असताना सिलेंडर जाम घट्ट बसायचा, लोक त्याचं फार कौतुक करतात, पण त्यामुळे तिथला पार्ट झिजायचाही.

दिसण्यावरून उलटी गफलतही होते. कास्टिंगची, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली, फ्रेम म्हणजे स्वस्त माल असं लोक बोलतात, रुगर कंपनीने तर कास्टिंगवरच दणकट रिव्हॉल्व्हर बनवलीत. अगदी नव्या तुकड्याच्या सिलेंडरवर काजळीची वर्तुळं दिसली की "वापरलेलं खपवतायत" म्हणून भांडण, अरे कंपनीतच टेस्ट फायर करतात. पुढची साइट (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) मात्र जरा कलती दिसली, म्हणजे नळीच वाकडी आवळली गेली असेल, तर पॉलिश कितीही भारी असो, परत द्या.

आणि शोकेसमधलं बघून पैसे मोजू नका, जो तुकडा तुम्हाला मिळणार तोच तपासा. दाखवताना विक्रेत्याने मनगट झटकून सिलेंडर सिनेमातल्यासारखा फटकन बंद केला तर तो तुकडा तिथेच ठेवा आणि डब्यातला दुसरा मागा, त्या झटक्याने सिलेंडर धरून ठेवणारा क्रेन वाकतो.