ओल्या फडक्याने गाडी चालू होत नाही हो!

उन्हाळ्यात कसारा घाट चढताना गाडी अचानक बंद पडली की नाशकात आजही कोणीतरी सांगतंच, नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाक. कार्बोरेटरच्या (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) जुन्या गाड्यांना ते खरं होतं, पंप गरम इंजिनाला चिकटूनच असायचा ना. आता इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला, आणि प्रेशर साधारण 3 बार, मग वाफ सहजासहजी होतच नाही. बऱ्याचदा क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) तापून सिग्नल देणं बंद करतो, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क अन् पेट्रोल दोन्ही तोडतो, अर्ध्या तासाने सेन्सर थंड झाला की गाडी चालू, आणि नाव फडक्याचं! कृपया सेन्सर तपासून घ्या, कारण इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर कडक होतो, तेही घाटात.