विंडो-पुनःस्थापना व तिचा प्रतिबंध

संगणक किंवा एखादे ॲप बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आधीच्या विंडो आपोआप उघडण्याची सोय, आणि ती नको असेल तेव्हा रोखण्याच्या पद्धती. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे ॲपलच्या मॅकवरील ‘रिझ्यूम’ या सुविधेपुरती आहे. ती २०११ मध्ये मॅक ओएस एक्स १०.७ (लायन) बरोबर आली.

उगम : या कल्पनेचे मूळ काही जण झेरॉक्स पार्क या अमेरिकेतील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात घडलेल्या स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग प्रणालीत पाहतात. तिथे चालू वस्तूंसह सगळी स्मृती एका ‘इमेज’ फाइलीत साठवली जाई आणि काम सोडले तिथूनच पुढे सुरू होई. मात्र कोणत्या ॲपने काय लक्षात ठेवावे, हा प्रश्न त्यात उद्भवतच नव्हता. त्यामुळे युनिक्स संगणकांवर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या एक्स११आर६ (१९९४) या आवृत्तीतील सत्र-व्यवस्थापन संकेत (प्रोटोकॉल) हा अधिक जवळचा पूर्वज मानणे सयुक्तिक वाटते. त्यात प्रत्येक प्रोग्रॅम आपली अवस्था स्वतः जतन करतो आणि आपल्याला पुन्हा कोणत्या आज्ञेने सुरू करावे, हे व्यवस्थापकाला कळवतो. पुनरारंभाची शैली सांगणाऱ्या गुणधर्माच्या चार मूल्यांपैकी एक ‘रीस्टार्टनेव्हर’ (कधीही पुन्हा सुरू करू नका) असे आहे. म्हणजे नकाराची तरतूद मूळ संकेतातच होती. ब्राउझरांमध्ये फायरफॉक्स २.० (२००६) मध्ये सत्र-पुनःस्थापना अंगभूत झाली.

मॅकवरील रचना : लायनमध्ये प्रत्येक ॲपची अवस्था वापरकर्त्याच्या लायब्ररीतील ‘सेव्ह्ड ॲप्लिकेशन स्टेट’ या फोल्डरात, ॲपच्या ओळखनावाने व ‘.सेव्ह्डस्टेट’ या शेपटीने ठेवली जाई. सँडबॉक्समधील, म्हणजे इतरांपासून वेगळ्या ठेवलेल्या, ॲपांची अवस्था त्यांच्या स्वतःच्या कंटेनरात (स्वतंत्र फोल्डरात) जाते. म्हणूनच फोल्डर रिकामे करणे किंवा त्याला कुलूप लावणे हा जुना उपाय सर्वत्र सारखा लागू पडत नाही.

प्रतिबंध : गोंधळ होतो तो दोन वेगळ्या यंत्रणा एकच समजल्याने. पहिली ॲप ‘क्विट’ (पूर्ण बंद) करण्याशी संबंधित आहे. लायनमध्ये ती मुळातच चालू असे. माउंटन लायन या पुढच्या आवृत्तीत (२०१२) ‘ॲप बंद करताना विंडो बंद करा’ ही खूण आधीच केलेली आली, म्हणजे मूळ वागणूक उलटली. ही खूण पूर्वी सेटिंगमधील ‘जनरल’ विभागात होती, व्हेंचुरा या आवृत्तीपासून (२०२२) ‘डेस्कटॉप व डॉक’मध्ये आहे. ऑप्शन-कमांड-क्यू दाबल्यास त्या वेळेपुरते सेटिंगच्या उलट घडते. शिफ्ट दाबून ठेवून ॲप उघडणे हाही एक मार्ग आहे. एखाद्याच ॲपसाठी टर्मिनलमधून (लिखित आज्ञा देण्याच्या ॲपमधून) ‘एनएसक्विटऑल्वेजकीप्सविंडोज’ हे मूल्य ‘फॉल्स’ करता येते.

दुसरी यंत्रणा लॉगआउट व रीस्टार्टची. त्या वेळच्या संवादचौकटीत ‘पुन्हा लॉगइन केल्यावर विंडो उघडा’ अशी खूण असते. ती राहिली तर पहिल्या सेटिंगला न जुमानता विंडो परत येतात. लायनच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ही खूण काढली तरी पुढच्या वेळी ती पुन्हा हजर असे. मे २०१२ मधील १०.७.४ अद्यतनाने हा दोष दूर केला. तोवर लॉगइनविंडोच्या प्लिस्ट (सेटिंग साठवणाऱ्या) फाइलीला कुलूप लावण्याची युक्ती चालत असे. ॲप अचानक बंद पडले असेल, तर पुढच्या वेळी विंडो पुन्हा उघडायच्या का, असे प्रणाली कधीकधी विचारते. तिथे नकार देता येतो.

प्रतिबंधाची गरज बहुधा खासगीपणातून निर्माण होते : सामायिक यंत्रावर प्रीव्ह्यू हे पीडीएफ पाहण्याचे ॲप उघडताच आधीच्या माणसाची पगारपत्रकाची पीडीएफ समोर येणे, हा प्रकार कार्यालयांत अपरिचित नाही. सुरक्षेची बाजूही आहे. साठवलेली अवस्था वाचताना तिच्यातील वस्तूंवर भाबडा विश्वास ठेवल्यास दुसऱ्या ॲपच्या अधिकारात कोड चालवता येऊ शकतो, असे दाखवले गेले; मॉन्टेरी आवृत्तीत (२०२१) ॲपांना सुरक्षित पुनःस्थापनेची ग्वाही देण्याची सोय झाली.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० या प्रणालीत २०१७ मधील शरद अद्यतनापासून ॲप रीस्टार्टनंतर परत उघडू लागले. २०२० पासून ‘साइन-इन पर्याय’ या विभागात त्यासाठी स्वतंत्र कळ आहे.