इटली की फ्रान्स? शेंगेन व्हिसाचा अर्ज नेमका कोणाकडे करायचा

सुट्टीत इटली आणि फ्रान्स दोन्ही करायचे आणि व्हिसा एकच काढायचा, हा बेत अगदी योग्य आहे. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट, आणि त्याचा व्हिसा दोन्हीकडे चालतो. फ्रान्समधल्या नीसहून लोकल गाडीत बसलं की तासाभरात इटलीतलं वेंतिमिल्या येतं. अर्ज मात्र दोघांपैकी एकाकडेच करावा लागतो, आणि भल्या भल्या माणसांचे अर्ज इथेच अडकतात.

नियम असा: ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दोन्हीकडे दिवस सारखेच असतील तरच, जिथून शेंगेनमध्ये शिरणार तो देश. लोक नेमकं हे दुसरं वाक्यच लक्षात ठेवतात. विमान पॅरिसला उतरतंय म्हणून फ्रान्सचा अर्ज भरतात, आणि पुढे मुक्काम चार दिवस पॅरिस, आठ दिवस इटली! तो अर्ज इटलीचाच. फ्रँकफर्टला नुसतं विमान बदलणार असाल तर प्रवेशाची नोंद तिथे होईल, पण मुक्काम नाही, म्हणून जर्मनीचा इथे संबंध नाही.

दुसरी अडचण अपॉइंटमेंटची. उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत, मग एजंट सांगतो, "जिथली मिळेल तिथे टाकून देऊ." असं करू नका. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचा कागद आठवतो: रोम 3 रात्री, फ्लॉरेन्स 2, व्हेनिस 2, नीस 3, पॅरिस 4. म्हणजे सात-सात. उतरणार रोमला, आणि अपॉइंटमेंट फ्रान्सची. त्यांना पॅरिस जास्त बघायचंच होतं, म्हणून व्हेनिसची एक रात्र कमी करून पॅरिसला जोडली, हॉटेलची बुकिंगं बदलली आणि अर्जासोबतच्या पत्रातही तसंच लिहिलं. मग तोच अर्ज नियमात बसला. पण हे खरंच तसं फिरणार असाल तरच करा. व्हिसा हातात आल्यावर खोटी बुकिंगं रद्द करणाऱ्यांचा व्हिसा नंतरही रद्द होऊ शकतो.

मुदतीचंही असंच. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून घेतात आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. हे 15 दिवस म्हणजे शेवटची कड आहे, पुरेसा वेळ नव्हे. निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात, ते 45 पर्यंत लांबू शकतात. निदान दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. तोवर परतावा न मिळणारं तिकीट काढू नका, नुसतं आरक्षण चालतं.

फॉर्म, 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो, परतीनंतर तीन महिने चालेल असा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा: हे सगळे जमवतात. मोठ्यांची फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांची 45, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

रखडतात ते घरचे कागद. पासपोर्टवर सासरचं नाव, बँकेत आणि पॅनवर माहेरचं, आणि दोन्ही जोडणारा विवाह नोंदणीचा दाखलाच नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कितीतरी घरांत तो नसतो. नोंदणी उशिरानेही होते, पण ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत चकरा माराव्या लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून जोडा. नोकरदाराला कंपनीचं रजेचं पत्र मिळतं. दुकानदाराला ते कोण देणार? त्याने शॉप ॲक्टचा परवाना, जीएसटी नोंदणी आणि आयकर विवरणपत्रं लावावीत. शेतकऱ्याने सातबारा भाषांतरासह.

आणि कृपा करून अर्जाच्या आठवड्यात मामांकडून तीन लाख आणून खात्यात टाकू नका. तपासणारा शिल्लक नंतर बघतो, आधी गेल्या महिन्यांची उलाढाल बघतो. मुलगा खर्च करणार असेल तर सरळ तसं पत्र लिहून त्याचं बँक स्टेटमेंट जोडा. त्यात कमीपणा काही नाही.

नकार आलाच तर फी परत मिळत नाही. पण सोबतच्या कागदावर कारणापुढे खूण असते, ती नीट वाचा. नोंद पाच वर्षांपर्यंत शेंगेनच्या संगणकात राहते, त्यामुळे शेजारच्या देशात तेच कागद घेऊन जाण्यात अर्थ नाही. खूण ज्या कारणापुढे आहे, तो एक कागद आधी दुरुस्त करा आणि नव्या अर्जाच्या पत्रात मागचा नकार स्वतःच लिहा.