कोंबडीच्या पंखाखालची बदकं

सोलापूर हा बदकांचा मुलूख नाही. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, शिवारात ज्वारी, तूर, हरभरा. बदकांचे मोठे कळप भाताच्या खाचरांमागे हिंडतात, म्हणून बंगाल, आसाम, केरळातलं कुट्टनाड, आंध्र आणि तमिळनाडूचा भातपट्टा इथे बदक घरचंच असतं. आपल्याकडे मात्र ते हौसेनं किंवा अंड्यांसाठी मुद्दाम आणावं लागतं. अशी बदकाची अंडी वस्तीवर आली, की शोध सुरू होतो तो खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीचा.

बदकाची अंडी बदकानंच का उबवू नयेत, याचं उत्तर माणसाच्या लोभात आहे. रानातली मादी बदक गवतात घरटं करते, पोटाची पिसं उपटून अंड्यांभोवती अंथरते आणि २८ दिवस बसते. पण अंड्यावर बसलेला पक्षी नवी अंडी देत नाही. माणसानं पिढ्यानपिढ्या जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडल्या आणि त्या निवडीत बसण्याची ओढच मागे पडली. खाकी कॅम्पबेल ही आज सगळीकडे माहीत असलेली जात इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरमधल्या ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार केली. भारतात अंड्यांसाठी बदक म्हटलं की तीच पुढे येते. चांगली मादी वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते, पण त्यांच्यावर बसेल याचा भरवसा नाही. गावठी कोंबडी याच्या अगदी उलट. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते, अंग फुगवते, जवळ गेलं की चोच मारते.

कोंबडीला परकी अंडी देण्याची युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. रोममध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिसेरो या विचारवंतानं लिहून ठेवलं, की कोंबडीखाली उबवलेली बदकाची पिल्लं पाणी दिसताच तिला सोडून जातात. पुढच्या शतकात प्लिनी या निसर्गावर लिहिणाऱ्या रोमन लेखकानं त्या कोंबडीकडे जास्त बारकाईनं पाहिलं: आधी ती आपल्या पिल्लांकडे नवलानं बघते, मग काळजीनं हाका मारते आणि पिल्लं तळ्यात उतरली की काठावर आक्रोश करते. कोलुमेला हा शेतीवर लिहिणारा त्यांचाच देशबंधू. पाणथळीतल्या रानबदकांची अंडी गोळा करून घरच्या कोंबडीखाली ठेवावीत, म्हणजे पिल्लं माणसाळतात, असं तो सांगतो. म्हणजे बदकाला माणसाच्या अंगणात आणण्याच्या कामातही कोंबडीचा वाटा आहे. (हा सल्ला आज कोणी उजनी धरणाच्या काठावर अमलात आणू नये. तिथल्या हळदी-कुंकू या रानबदकाची अंडी उचलणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.)

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या एल्सबरी गावात तर या युक्तीवर अख्खा धंदा उभा होता. कष्टकरी कुटुंबं राहत्या घरातच खुडूक कोंबड्यांखाली बदकाची अंडी ठेवत, पिल्लं दोनेक महिन्यांत वाढवत आणि लंडनच्या बाजारात पाठवत.

पिल्लू कोंबडीमागे का जातं, हे शास्त्राला नीट उलगडलं ते विसाव्या शतकात. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दिवसभरात जे हलतं आणि साद घालतं, त्याला पिल्लू आई मानतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी हे बदकांवर आणि हंसांवर दाखवलं. त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. कोंबडीच्या बाजूनं काम करतं ते प्रोलॅक्टिन हे तिला अंड्यांवर बसायला लावणारं संप्रेरक.

सोलापुरात पाणीच मुळात बांधून आणलेलं आहे. शहराजवळचा हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१चा, भीमेवरचं उजनी धरण १९८०चं, आणि २०१६पासूनच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर तर वस्तीच्या दारात पाणी आलं. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेला लागून शेततळं आणि त्यात चार बदकं, हे चित्र या पाण्यामुळे शक्य झालं. मात्र प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो. पिल्लं उतरतात सहज, पण वर चढता येत नाही आणि दमून बुडतात. काठावरून पाण्यापर्यंत पोती किंवा जाळी सोडलेली नसेल, तर पिल्लांना तिकडे फिरकू देऊ नये. तसंही कोंबडीनं वाढवलेली पिल्लं लवकर भिजतात, गारठतात. पहिले दोन-तीन आठवडे नाकपुड्या बुडतील एवढ्या पाण्याचं भांडं त्यांना पुरे.

बसवण्याची रीत साधी, पण तिच्यात काही गाठी आहेत. बुट्टीत तुरीचं भुसकट, त्यावर थोडी राख आणि कडुलिंबाचा पाला, म्हणजे पिसवांचा त्रास कमी. बदकाचं अंडं मोठं, त्यामुळे कोंबडीची स्वतःची दहा-बारा अंडी मावतात तिथे याची सहा-सातच. ती जड असतात, कोंबडीला सगळी फिरवणं जमत नाही. ती दिवसातून एकदा दाण्यापाण्याला उठते, तेवढ्यात हातानं फिरवून घ्यावी लागतात. मादी बदक पाण्यातून ओल्या अंगानं येऊन बसते, तो ओलावा इथे नसतो. म्हणून शेवटच्या दिवसांत कोमट पाण्याचा हात फिरवायचा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात हा उद्योग करूच नये.

सगळ्यात नाजूक आहे तो २१वा दिवस. कोंबडीची स्वतःची पिल्लं त्या दिवशी फुटली असती. बदकाला अजून आठवडा हवा. कोंबडी दिवस मोजत नाही, पिल्लांचा आवाज आणि स्पर्श मिळेपर्यंत ती बसून राहते. पण दोन्ही प्रकारची अंडी एकाच दिवशी ठेवली, तर कोंबडीची पिल्लं आधी निघतात, ती त्यांना घेऊन उठते आणि बदकाची अंडी गार पडतात. जाणत्या बायका कोंबडीची अंडी आठवडाभरानं घालतात ती याचसाठी. ज्ञान आहे ते हे, आणि ते बहुतेक बायकांनीच सांभाळलं.

या ज्ञानाला धक्का बसला तो पोल्ट्रीच्या लाटेत. १९७०नंतर व्हाइट लेगहॉर्न या कोंबडीच्या वाणांवर अंड्यांचा धंदा उभा राहिला आणि खुडूक बसणं हा दोष ठरला. गावातही खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुचकळणं, नाकात पीस ओवणं हे पूर्वीपासून चालत आलेलंच. मला ते क्रूर वाटतं. पुढे गिरिराज, वनराज हे सुधारित वाण आले. ते अंगणात चांगले वाढतात, अंडीही गावठीपेक्षा जास्त देतात, पण फारसे खुडूक बसत नाहीत. आता छोटी उबवणी यंत्रं मिळतात. यंत्र अंडी उबवतं, पण पिल्लांना ऊब देत शिवारभर फिरवत नाही, घार दिसली की पंखाखाली घेत नाही. लाईट गेली की काय, हा प्रश्न वेगळाच. त्यामुळे ज्याला बदकं वाढवायची आहेत, त्यानं सुधारित वाणांच्या कळपातही एक-दोन गावठी कोंबड्या राखाव्यात आणि त्या खुडूक बसल्या तर त्यांना बसू द्यावं.