बाण लागल्यानंतरची पारध : जखमी हरणाच्या मागाची पार्श्वभूमी

परीक्षिताचा बाण हरणाला लागला होता. तरीही ते पळालं आणि रानात दिसेनासं झालं. महाभारताचं आदिपर्व इथे मुद्दाम एक गोष्ट नोंदवतं: या राजाचा बाण लागलेलं हरीण जिवंत निसटलं, असं आजवर कधी घडलं नव्हतं. भुकेला, तहानलेला, दमलेला राजा हरणामागे फिरत शमीक ऋषींपाशी पोचला आणि त्याने विचारलं ते हरणाबद्दलच. माझ्या बाणाने जखमी झालेलं हरीण इकडून गेलेलं पाहिलंत का? ऋषींचं मौन होतं. राजाने संतापून धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे: शृंगीचा शाप, तक्षकाचा दंश, जनमेजयाचं सर्पसत्र आणि त्या सत्रात वैशंपायनांनी सांगितलेली भारतकथा. हाती न लागलेल्या एका जखमी हरणापासून ही साखळी सुरू होते.

धनुष्यबाणाची शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नेम येतो. ताणलेली दोरी, मिटलेला डोळा, सुटलेला बाण. पण या शिकारीतलं खरं अवघड काम बाण लागल्यावर सुरू होतं. हरीण कुठे गेलं, जखम कुठे आहे, किती वेळ थांबायचं, कुठल्या वाटेने जायचं. ही विद्या धनुष्याइतकीच जुनी आहे, आणि धनुष्य कितीही सुधारलं तरी ती मागे पडलेली नाही.

आपल्या भाषेतच तिच्या खुणा आहेत. संस्कृतात ‘मृग्’ या धातूचा अर्थ शोधणं, धुंडाळणं. मृग, मृगया आणि मार्ग हे शब्द एकाच घरातले. मार्गावरून मराठीचा ‘माग’ आला. ‘मार्गण’ या शब्दाचा एक अर्थ शोध आणि दुसरा चक्क बाण. आज आपण एखाद्या विषयाच्या इतिहासाचा मागोवा घेतो तेव्हा हाच जुना शब्द वापरत असतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायदानाबद्दल एक श्लोक आहे. पारधी जसा रक्ताच्या थेंबांवरून हरणाची वाट काढतो, तसा राजाने अनुमानाने धर्माचा, म्हणजे न्यायाचा, माग काढावा. मला हा दृष्टान्त फार मोलाचा वाटतो. साक्षीदार खोटं बोलतात, पुरावे अर्धवट असतात, आणि तरीही एकेक खूण जोडत सत्यापर्यंत जायचं असतं. त्यासाठी तेव्हाच्या श्रोत्याला चटकन कळणारं उदाहरण रक्ताच्या मागाचं होतं. नवव्या अध्यायात आणखी एक वचन सापडतं: शेत ज्याने खुंट काढून साफ केलं त्याचं, आणि हरीण ज्याचा बाण त्यात रुतला त्याचं. आधीच विंधलेल्या हरणावर मागाहून बाण मारणाऱ्याचा बाण वाया गेला, असंही तिथे म्हटलं आहे. हे सगळे दाखले मुळात दुसऱ्याच वादांसाठी आले आहेत, पण त्यातून जखमी जनावरावरच्या हक्काचा रिवाज दिसतो. पहिली जखम करणाऱ्याचा हक्क. आणि ज्याचा हक्क, त्यानेच शोधायचं.

मुळात बाण लागलेलं जनावर का पळतं? गोळी प्रचंड वेगाने येते आणि आजूबाजूचं मांस, हाड फोडून टाकते. बाण त्या मानाने संथ असतो. टोकांना चाकं बसवलेल्या आजच्या धनुष्यातूनही (कंपाउंड बो) तो सेकंदाला साधारण ९० मीटरच जातो. तो कापतो, आणि रक्त वाहून जनावर मरतं. मणक्यावर लागला तरच ते जागच्या जागी कोसळतं. एरवी वर्मी लागलेलं हरीणही उसळी घेऊन धूम ठोकतं. दोन्ही फुप्फुसं कापली गेली तर काही सेकंदांत, शे-दीडशे मीटरच्या आत पडतं. यकृताला लागलं तर काही तास जातात. पोटात, आतड्यात लागलं तर अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त, आणि तो सगळा वेळ वेदनेचा.

म्हणून जाणकार माणूस बाण सोडल्यावर आधी काहीच करत नाही. बसून राहतो. हरणाने मागचे पाय झाडले का, पाठ कमानीसारखी वाकवली का, शेवटचं कुठल्या झुडपाआड दिसलं, हे मनात धरून ठेवतो. मग मचाणावरून उतरून बाण शोधतो. बाणावरचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर तो फुप्फुसातून गेला आहे. गडद लाल असेल तर यकृत किंवा मांसाचा भाग. हिरवट चिकट घाण आणि उग्र वास असेल तर पोट. अशा वेळी लगेच मागे लागणं ही सर्वांत मोठी चूक. न हुसकावलेलं हरीण जवळच्या दाट आडोशाला जाऊन बसतं. हुसकावलं तर उरल्यासुरल्या बळावर कोसभर जातं, आणि जखमेचं तोंड आतल्या चरबीने किंवा आतड्याने बुजलं की वाटेत रक्तही पडत नाही.

माग काढताना मागावरून चालायचं नसतं, त्याच्या कडेने चालायचं. पायाखाली गेलेली खूण परत मिळत नाही. थेंब जमिनीवर पडतो तेव्हा त्याचे बारीक शिंतोडे जाण्याच्या दिशेने उडतात, त्यावरून जनावर कुठे वळलं ते कळतं. गवताच्या पात्याच्या बाजूला, गुडघाभर उंचीवर पुसलेलं रक्त जखमेची उंची सांगतं. वाळलेल्या पानांवर लाल ठिपके निसर्गतःच असतात, ते आणि रक्त यांत संध्याकाळच्या उजेडात हमखास गल्लत होते. तेव्हा बोट ओलं करून पान चोळायचं, रंग उतरला तर रक्त. शेवटच्या थेंबापाशी फांदीला कागदाचा तुकडा बांधायचा आणि पुढचा थेंब मिळेपर्यंत ती जागा सोडायची नाही. मागे वळून पाहिलं की बांधलेले तुकडे एका रेषेत दिसतात आणि पुढची दिशा सुचते.

ही विद्या किती जुनी, याचे पुरावे जमिनीत आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ श्टेलमूर इथे १९३०च्या दशकात आल्फ्रेड रुस्ट यांनी उत्खनन केलं. रेनडिअरच्या हाडांच्या राशींबरोबर पाइनच्या लाकडाचे शंभराहून जास्त बाण आणि त्यांचे तुकडे मिळाले, हिमयुगाच्या अखेरचे. दुसऱ्या महायुद्धात ते नष्ट झाले, पण गारगोटीची टोकं रुतलेली हाडं अभ्यासाला राहिली. त्याहून बोलका सांगाडा डेन्मार्कमधल्या विग इथला. तो हरणाचा नाही, रानबैलाचा आहे, दहा हजार वर्षांहून जुना. त्याच्या बरगड्यांत गारगोटीच्या टोकांचे घाव आहेत आणि त्यांतला एक भरून आलेला आहे. म्हणजे हा बैल एकदा जखमी होऊन वाचला. दुसऱ्यांदा जखमी झाला तेव्हा पाण्यात शिरला आणि तिथेच मेला. शिकाऱ्यांना तो मिळाला असता तर त्याचा सांगाडा असा अखंड उरलाच नसता. इतिहासाला सापडलेलं हे जनावर ज्यांनी मारलं त्यांना मात्र सापडलं नव्हतं.

आफ्रिकेतल्या कालाहारीच्या सान लोकांनी तर सगळी शिकारच मागावर उभी केली. त्यांचं धनुष्य हलकं, बाण लहान. जोर विषात, आणि ते विष एका भुंग्याच्या अळीपासून काढलेलं. टोक जनावराच्या अंगात राहतं आणि दांडी गळून पडते, त्यामुळे बाण झुडपात अडकून निघून येत नाही. मोठ्या हरणवर्गीय जनावराला विष चढायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. तोवर शिकारी खुरांच्या ठशांवरून चालत राहतात. त्या कळपातल्या इतर सगळ्या ठशांतून नेमका जखमी जनावराचाच ठसा ओळखत जायचं असतं. त्यांच्यातल्या जुहोआन्सी लोकांत मांसाची वाटणी ज्याचा बाण असेल त्याच्या हाती असते, मग तो बाण मारला कुणीही असो. मनुस्मृतीतलं वचन वाचल्यावर हा रिवाज मला परका वाटत नाही.

मध्ययुगीन युरोपात या कामात कुत्रा आला, किंवा निदान लेखी नोंदीत आला. दक्षिण फ्रान्समधल्या फ्वा या प्रांताचा काउंट, म्हणजे सरदार, गास्तों फेब्यूस याने १३८७ मध्ये शिकारीवरचा आपला मोठा ग्रंथ लिहायला घेतला. धनुष्याबद्दल जास्त हवं असेल तर इंग्लंडला जा, तो त्यांचा हुन्नर आहे, असं तो प्रामाणिकपणे सांगतो. इंग्लंडमध्ये धनुर्धाऱ्याच्या सोबतीला जखमी जनावर शोधणाऱ्या कुत्र्याला ‘बर्सलेट’ असं वेगळं नावच होतं.

पुढे बंदूक आली आणि युरोपातलं धनुष्य खुंटीला लागलं, पण माग काढणारा कुत्रा राहिला. जर्मन शिकाऱ्यांच्या बोलीत जनावराच्या रक्ताला रक्त म्हणत नाहीत, ‘श्वाइस’ म्हणतात. एरवी या शब्दाचा अर्थ घाम. म्हणून हा ‘श्वाइसहुंड’. हॅनोवरच्या कुत्र्यांच्या जातीसाठी १८९४ मध्ये आणि बव्हेरियाच्या डोंगरी जातीसाठी १९१२ मध्ये संस्था निघाल्या. लांब पट्ट्यावर, नाक जमिनीला लावून, संथ चालणारे हे कुत्रे फक्त रक्तावर जात नाहीत. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असते, त्या एकाच जनावराचा वास धरून ते जातात. वाटेत ताजी, धडधाकट हरणं आडवी गेली तरी ढळायचं नाही, ही त्यांची कसोटी. परीक्षेसाठी १००० मीटरचा माग आखतात, त्यावर जास्तीत जास्त पाव लिटर रक्त शिंपडतात आणि २० किंवा ४० तासांनी कुत्रा सोडतात. आणि याच जर्मनीत हरणावर बाण चालवायला कायद्याने बंदी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्येही १९६३च्या कायद्याने ती आली. डेन्मार्कने मात्र १९९९ मध्ये लहान जातीच्या रो हरणासाठी परवानगी दिली. बंदी घालणारे आणि परवानगी मागणारे, दोघांचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: बाण लागलेली किती हरणं हाती लागत नाहीत?

या प्रश्नाने सर्वांत जास्त छळलं ते अमेरिकेला, कारण आधुनिक धनुर्शिकार तिथे घडली. १९११ मध्ये ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ एकटा सापडला. त्याच्याकडून धनुष्य शिकलेले सॅक्स्टन पोप पेशाने शल्यचिकित्सक होते. बाण रक्तस्रावाने मारतो, धक्क्याने नव्हे, हे त्यांनी वैद्याच्या नजरेने मांडलं. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने दोन काउंटींत फक्त धनुष्यासाठी हरणांचा हंगाम ठेवला. १९६६ मध्ये मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी चाकांच्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळालं, आणि हजारो नवे लोक या छंदात उतरले. नेम धरणं सोपं झालं. माग काढणं तेवढंच अवघड राहिलं.

आकडे बोलके आहेत. १९९०च्या दशकात ओक्लाहोमातल्या मॅकअलेस्टर इथल्या लष्करी आवारात, जिथे फक्त पारंपरिक धनुष्य चालतं, नर हरणांना रेडिओ पट्टे बांधून अभ्यास झाला. बाण लागलेल्या २२ हरणांपैकी ११ शिकाऱ्यांना मिळाली नाहीत. मेरीलँडमधल्या नौदलाच्या तळावर आधुनिक धनुष्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तिथे न मिळालेल्यांचं प्रमाण १८ टक्के होतं. न मिळालेलं प्रत्येक हरीण मरतंच असं नाही, विगच्या बैलाची भरलेली बरगडी तेच सांगते. तरीही शंभरातली अठरा हा आकडा मला लहान वाटत नाही.

मग कुत्रे का नाहीत वापरले? कारण एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांची झुंड मागे लावून आणि बाजारासाठी बेसुमार मारून अमेरिकेतली हरणं संपत आली होती, आणि त्या धास्तीने अनेक राज्यांनी हरणांच्या शिकारीत कुत्र्यांना सरसकट मज्जाव केला. त्यात पट्ट्यावर शांतपणे चालणारा मागाचा कुत्राही भरडला गेला. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉन जेनेनी यांनी खास परवाना काढून राठ केसांच्या डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्याबरोबर जखमी हरणं शोधून दाखवली, आणि १९८६ मध्ये त्या राज्याने हे काम कायदेशीर केलं. इतर राज्यं एकेक करून मागोमाग आली. पेनसिल्व्हेनियाला त्यासाठी २०१८ साल उजाडलं.

मधल्या काळात उपाय बरेच निघाले. धनुष्याला रीळ लावून बाणाला दोरा बांधायचा, म्हणजे हरणामागे दोरा उलगडत जाईल. शंका असलेल्या डागावर हायड्रोजन पेरॉक्साइड फवारायचं, रक्त असेल तर फेस येतो. बाणाच्या शेपटाला इवलासा दिवा. आणि आता उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन. रात्री वरून पाहिलं तर गवतात पडलेलं हरीण पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. पण उभं, चरणारं, धडधाकट हरीणही तसंच दिसतं. म्हणून काही राज्यांनी ड्रोनला परवानगी दिली आहे आणि काहींनी बंदी घातली आहे. शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यावरून पडलेला पेच आता ड्रोनवरून पडला आहे: शोधण्याचं साधन कुठे संपतं आणि मारण्याचं कुठे सुरू होतं, यावर तिथे अजून एकमत झालेलं नाही.